हृदय बंद पडून परत सुरू झालं आणि पोटॅशियम २.८ : कारण की परिणाम?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील, वय ५८, रक्तदाबाची गोळी चालू. त्या गोळीतच लघवी वाढवणारं औषधही आहे. घरी बसल्या जागी कोसळले. मुलाने छाती दाबायला सुरुवात केली, अ‍ॅम्ब्युलन्समधल्या लोकांनी चार शॉक दिले, तीन वेळा अ‍ॅड्रेनॅलिन दिलं आणि नाडी परत आली. आयसीयूत पोहोचल्यावर घेतलेल्या पहिल्या रक्तात पोटॅशियम २.८ निघालं. एक डॉक्टर म्हणाले, "पोटॅशियम कमी होतं म्हणून हृदय बंद पडलं." दुसरे म्हणाले, "उलट आहे, हृदय बंद पडलं म्हणून पोटॅशियम कमी दिसतंय." मुलगा विचारतोय: यातलं खरं कोणतं? एवढं कमी असताना ते भराभर भरून का काढत नाहीत, थेंबथेंब का देतात? आणि पुढे पोटॅशियमच्या गोळ्या घेत राहिलं की परत असं होणार नाही ना?

पंचवीसएक वर्षं आयसीयूत काढली, पण हा वाद आमच्या राउंडला अजूनही होतो. पैज लावायची झाली तर मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने लावेन. फक्त वडिलांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, त्यामुळे मोठी रक्कम लावणार नाही. नुसत्या २.८ या आकड्यावरून दोघांपैकी कोणालाच खात्रीने बोलता येणार नाही. का, ते सांगतो.

लॅब मोजते ते रक्तातल्या पाण्यातलं पोटॅशियम. नॉर्मल साधारण ३.५ ते ५ मिलीमोल प्रति लिटर. (काही रिपोर्टवर मिलीइक्विव्हॅलंट लिहिलेलं असतं, पोटॅशियमसाठी दोन्ही आकडे एकच.) आता गंमत बघा. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे ३५०० मिलीमोल पोटॅशियम असतं आणि त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत, मुख्यतः स्नायूंत, कोंडलेलं असतं. पेशींच्या बाहेर साधारण १४ लिटर पाणी, त्यात लिटरमागे ४, म्हणजे सगळे मिळून ५६. या छप्पन्नातले १४ जरी पेशींच्या आत सरकले तरी रिपोर्ट ४ वरून ३ वर येतो. शरीरातून एक कणही बाहेर गेलेला नसतो, फक्त बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत गेलेला असतो. म्हणून कमी आकडा दिसला की पहिला प्रश्न हा: पोटॅशियम गेलं कुठे? शरीराबाहेर की पेशींच्या आत?

हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या माणसात बहुतेक वेळा ते आत गेलेलं असतं. पेशीच्या भिंतीत एक पंप असतो, तो सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत ओढतो. अ‍ॅड्रेनॅलिन बीटा-२ नावाच्या रिसेप्टरमार्फत या पंपाचा वेग वाढवतं. १९८३ साली निरोगी माणसांना अ‍ॅड्रेनॅलिनचं इन्फ्युजन देऊन हे मोजलं गेलं: पोटॅशियम सुमारे ०.८ ने उतरलं, आणि बीटा-२ अडवणारं औषध दिल्यावर ही घसरण थांबली. ती माणसं स्वस्थ पडून होती. हृदय बंद पडताना शरीर स्वतःच जे अ‍ॅड्रेनॅलिन ओततं ते त्याहून कितीतरी जास्त, आणि वर आम्ही दर तीन ते पाच मिनिटांनी १ मिलीग्रॅम टोचतो. त्याच्या एकच वर्ष आधी, १९८२ मध्ये, अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टरांनी रुग्णालयाबाहेर व्हीएफ होऊन वाचलेल्या रुग्णांमध्ये पोटॅशियम कमी आढळतं अशी नोंद केली होती. व्हीएफ म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त पुढे ढकलत नाहीत. शॉक देतात तो यासाठी.

एका पेशंटच्या गॅस मशीनच्या (आयसीयूतच रक्त तपासणारं यंत्र) चिठ्ठ्या मी शिकवायला जपून ठेवल्या आहेत. छाती दाबणं चालू असताना: पोटॅशियम ५.४, पीएच ६.९८ (हा आकडा जितका कमी तितकं रक्तात आम्ल जास्त). नाडी आल्यावर वीस मिनिटांनी: ३.९. तासाभराने: २.९, पीएच ७.३१. चार तासांनी, मध्ये फक्त २० मिलीमोल दिलेलं असताना: ३.६. एकाच माणसाचे, एकाच संध्याकाळचे हे चार आकडे. पहिल्या चिठ्ठीवर निदान केलं असतं तर "पोटॅशियम वाढल्यामुळे" म्हटलं असतं, तिसरीवर केलं असतं तर "कमी झाल्यामुळे". खरं कारण होतं हृदयाची मुख्य धमनी बंद.

सुरुवातीला ५.४ का? रक्तप्रवाह थांबला की पंपाला लागणारी ऊर्जा संपते, रक्तात आम्ल साठतं, पोटॅशियम पेशींतून बाहेर गळतं. नाडी आली की सगळं उलटं फिरतं. आम्ल ओसरतं, अ‍ॅड्रेनॅलिनचा जोर अजून असतो, व्हेंटिलेटर गरजेपेक्षा जोरात चालत असेल तर रक्त अल्कधर्मी होतं, कोणी सोडाबायकार्ब (आम्ल मारणारं इंजेक्शन) दिलेलं असतं, साखर वाढली म्हणून इन्सुलिन सुरू होतं. यातली प्रत्येक गोष्ट पोटॅशियमला आत ढकलते. पेशंटला ३३ अंशांपर्यंत थंड ठेवत असतील तर थंडीनेही ते आत जातं, शिवाय थंडीत लघवी वाढते आणि थोडं खरोखरच वाहून जातं. थंड करण्याची पद्धत २००२ च्या दोन अभ्यासांनंतर सर्वत्र रुळली. २०१३ मध्ये ३३ आणि ३६ अंशांत फरक दिसला नाही, आणि २०२१ च्या मोठ्या अभ्यासात ताप येऊ न देण्यापेक्षा ३३ चा जास्त फायदा निघाला नाही. त्यामुळे आता बऱ्याच ठिकाणी फक्त ताप रोखतात. तुमच्या वडिलांना थंड केलंय का हे विचारून घ्या, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

मग पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं कधी खरं ठरतं? पोटॅशियम आधीपासून कमी असतं तेव्हा माणूस काही ना काही खूण सोडून गेलेला असतो, ती शोधावी लागते.

सगळ्यात मोठा पुरावा आयसीयूत नसतोच, घरच्या कपाटात असतो: जुना रिपोर्ट. तीन आठवड्यांपूर्वी नेहमीच्या तपासणीत पोटॅशियम ३.० असेल आणि कोणी लक्ष दिलं नसेल तर वाद जवळजवळ मिटला. चार महिन्यांपूर्वी ४.३ असेल आणि मध्ये गोळी बदललेली नसेल, जुलाब-उलट्या नसतील, तर आजचं २.८ बहुधा आजचंच.

दुसरी खूण बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातलं आम्ल मारणारा क्षार. तरुण डॉक्टरांकडून ही हमखास सुटते. हृदय काही मिनिटं बंद होतं म्हणजे रक्तात लॅक्टिक आम्ल साठणारच आणि बायकार्बोनेट उतरणारच; १४, १६ असे आकडे दिसतात. अशा पेशंटचं बायकार्बोनेट ३२ आलं आणि कोणी बायकार्बोनेट टोचलेलं नसेल, तर समजायचं की हा माणूस कोसळण्याआधी कित्येक दिवस अल्कधर्मी होता. उलट्या, लघवी वाढवणारी औषधं किंवा अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक जास्त, यांपैकी काहीतरी आहे.

सव्वीस वर्षांची एक मुलगी आली होती. पोटॅशियम १.९, बायकार्बोनेट ३८. सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेली नळी) सहा तासांत १२० मिलीमोल दिलं तरी आकडा २.२ च्या पुढे सरकेना. तेव्हाच कळलं की ही नुसती आतबाहेरची हालचाल नाही, अंगातला साठाच रिकामा आहे. शरीरातून खरंखुरं पोटॅशियम जाऊन ४ चं ३ होतं तेव्हा एकूण तूट २०० ते ४०० मिलीमोल इतकी असते. तिची त्याहून मोठी होती. आईवडिलांना काही ठाऊक नव्हतं. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने बाहेर बाकावर बसून खालच्या आवाजात सांगितलं की जेवण झालं की ती बाथरूममध्ये जाऊन उलटी काढते, वर्ष झालं. तिथे पोटॅशियम हेच कारण होतं. अ‍ॅम्ब्युलन्सच्या डिफिब्रिलेटरच्या (शॉक देणाऱ्या यंत्राच्या) मेमरीतून ईसीजीची पट्टी काढली तर लांबलेला क्यूटी (ईसीजीवर एका ठोक्याच्या विजेला लागणारा वेळ) आणि त्यातून सुरू झालेली वेडीवाकडी, पिळवटलेली लय स्पष्ट दिसली. ही पट्टी मागवायची सवय फार थोड्या ठिकाणी आहे.

लघवीही तपासतात. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे लघवीत पोटॅशियम १३ मिलीमोलपेक्षा कमी असेल तर मूत्रपिंड ते घट्ट धरून बसलंय, म्हणजे ते आत सरकलंय किंवा आतड्यावाटे गेलंय. जास्त असेल तर मूत्रपिंडातूनच गळतंय. मात्र आयसीयूत लघवी वाढवणारं इंजेक्शन दिल्यानंतरच्या नमुन्यावर विसंबू नये. ईसीजीत टी लहर (ठोक्याच्या शेवटी येणारा उंचवटा) सपाट होणं आणि तिच्यामागे छोटी यू लहर येणं ही पाठ्यपुस्तकातली लक्षणं, पण नुकत्याच शॉक बसलेल्या हृदयाचा ईसीजी पहिले काही तास इतका गढूळ असतो की मी त्यावर फार भार टाकत नाही.

नमुनाही तपासून घ्यायचा. घाईत बारीक सुईने ओढलेल्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, त्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि खरं ३.१ असलेलं ४.२ म्हणून छापून येतं. "हिमोलाइज्ड" असा शेरा असेल तर तो आकडा फेकून द्यावा आणि धमनीतून परत घ्यावा.

आता थेंबथेंब का. हृदयाच्या शस्त्रक्रियेत हृदय मुद्दाम थांबवायचं असतं तेव्हा जे द्राव वापरतात, त्यात मुख्य काम पोटॅशियमचं असतं. नेहमीच्या ताकदीच्या पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलीलिटर अ‍ॅम्प्यूलमध्ये २० मिलीमोल असतं. ते एका दमात शिरेत ढकललं तर हृदयातून जाणाऱ्या त्या रक्तात पोटॅशियम एवढं चढतं की हृदय तिथल्या तिथे थांबतं. म्हणून कित्येक रुग्णालयांत हे तीव्र अ‍ॅम्प्यूल वॉर्डातल्या ट्रेमध्ये ठेवूच देत नाहीत. नेहमीची मर्यादा हाताच्या शिरेतून तासाला १० मिलीमोल आणि सेंट्रल लाइनमधून, मॉनिटर लावून, तासाला २० मिलीमोल. हाताच्या शिरेतून जास्त दिलं तर शीर जळते, शुद्धीत असलेला पेशंट ओरडतो. सिस्टर पंपाचा वेग वाढवायला नकार देत असतील तर त्या त्यांचं काम चोख करतायत.

याला अपवाद एकच. पोटॅशियम खरोखर फार कमी आहे हे माहीत आहे, लय बिघडतेय, हृदय पुन्हा बंद पडायच्या बेतात आहे. तेव्हा युरोपियन मार्गदर्शक सूचना मिनिटाला २ मिलीमोल वेगाने दहा मिनिटं आणि मग १० मिलीमोल पाच ते दहा मिनिटांत द्यायला परवानगी देतात. तेव्हा वरिष्ठ डॉक्टर खाटेजवळ उभा असतो आणि त्याची नजर मॉनिटरवरून हलत नाही. नुसत्या संशयावरून, सीपीआर चालू असताना पोटॅशियम ढकलू नये असं अमेरिकन सूचना स्पष्ट सांगतात, आणि ते मला पटतं.

थेंबथेंब देण्याचं दुसरं कारण माझ्या स्वतःच्या चुकीतून सांगतो. पेशंट थंड करायला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. रात्री अकराला ३३ अंशांवर पोटॅशियम २.९. मी ऑर्डर लिहिली: सकाळी सहापर्यंत ८० मिलीमोल. आकडा दिसतोय तो भरायचा, एवढंच डोक्यात. सकाळी ऊब द्यायला सुरुवात केली. हृदय बंद असताना मूत्रपिंडालाही मार बसलेला, लघवी रात्रभर तासाला जेमतेम दहा-पंधरा मिलीलिटर. तो कागद खाटेच्या पायथ्याशीच लटकत होता, मी उलटून पाहिला नव्हता. पेशी गरम झाल्या, आत दडलेलं पोटॅशियम बाहेर आलं, वर माझे ८० होतेच, बाहेर जायला वाट नाही. अकराच्या सुमाराला सिस्टरने हाक मारली: "सर, टी बघा." मॉनिटरवर टी लहरी तंबूसारख्या टोकदार. पोटॅशियम ६.३. कॅल्शियम, इन्सुलिन, ग्लुकोज, अशी धावपळ करून ते खाली आणलं. पेशंट वाचला, पण मी शिकलो. तेव्हापासून थंड पेशंटमध्ये ३.५ च्या आसपास आलं की हात आखडतो, ऊब द्यायच्या काही तास आधी पोटॅशियम बंद करतो, आणि ऊब तासाला पाव ते अर्धा अंश, त्याहून वेगात नाही. तुमच्या वडिलांची ड्रिप मध्येच बंद केलेली दिसली तर लगेच घाबरू नका, कदाचित याच हिशोबाने केली असेल.

मॅग्नेशियमबद्दल विचारा. मूत्रपिंडात पोटॅशियम बाहेर सोडणारी जी वाट आहे तिला मॅग्नेशियम आतून बूच मारून ठेवतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी मॅग्नेशियमही जातं, बूच निघतं, आणि मग कितीही पोटॅशियम ओता, तळ फुटलेल्या बादलीत पाणी ओतल्यासारखं. रक्तातलं मॅग्नेशियम नॉर्मल दिसलं तरी पेशींत कमी असू शकतं. पोटॅशियम २.८ आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीचा इतिहास असेल तर, मूत्रपिंड बरं असेल तर, मी २ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट रिपोर्टची वाट न बघता देतो.

किती आकड्यावर समाधान मानायचं याबद्दल मतं बदलत आली आहेत. हृदयविकाराच्या झटक्यात पोटॅशियम ४ च्या वर, शक्य तर ४.५ च्या वर ठेवा असं आम्हाला शिकवलं होतं. २०१२ मध्ये झटका आलेल्या जवळपास ३९,००० रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा सर्वांत कमी मृत्यू ३.५ ते ४.५ या टप्प्यात दिसले. तो नोंदींचा अभ्यास आहे, त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण आंधळेपणाने वर ढकलण्याची घाई त्याने कमी केली. उलट २०२५ मध्ये डेन्मार्कमधल्या अभ्यासात, छातीत आयसीडी (लय बिघडली की आपोआप शॉक देणारं यंत्र) बसवलेल्या लोकांचं पोटॅशियम ४.५ ते ५ च्या दरम्यान ठेवल्यावर लय बिघडण्याच्या घटना कमी झाल्या. पण ती घरी राहणारी, स्थिर माणसं. कालच हृदय बंद पडलेल्या, मूत्रपिंड अर्धं झोपलेल्या माणसाला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. थंड न केलेल्या पेशंटमध्ये मी पहिले दोन-तीन दिवस ४ च्या जरा वर ठेवतो आणि दर दोन ते चार तासांनी मोजतो.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. गोळ्या घेतल्या की परत होणार नाही ना? "पोटॅशियम कमी होतं" हे निदान सगळ्यांना हवंसं असतं. सोपं असतं, स्वस्त असतं, गोळीने सुटतं. म्हणूनच मला त्याची भीती वाटते. दुसरीकडून आलेल्या एका गृहस्थांच्या डिस्चार्ज कागदावर तेवढंच लिहून पोटॅशियमचं सिरप दिलं होतं. चार महिन्यांनी ते पुन्हा कोसळले तेव्हा अँजिओग्राफी झाली आणि तिन्ही धमन्या अडलेल्या निघाल्या. अमेरिकन आणि युरोपियन हृदयरोग संघटनांच्या २००६ च्या संयुक्त सूचनांनी हे स्पष्ट लिहिलं होतं: क्षारांचा बिघाड हेच कारण आहे असं सिद्ध होत नाही तोवर अशा रुग्णाची तपासणी आणि उपचार इतर कोणत्याही वाचलेल्या रुग्णासारखेच करावेत. म्हणजे धमन्या पाहायच्या, इको करायचा, क्यूटी पुन्हा पुन्हा मोजायचा, गरज पडली तर हृदयाचा एमआरआय, आणि आयसीडी बसवायचं की नाही याचा निर्णय पोटॅशियमच्या आकड्याकडे बोट दाखवून टाळायचा नाही. त्या उलट्यांच्या मुलीसारखं सगळं जुळून आलं तर गोष्ट वेगळी.

रक्तदाबाच्या गोळीचं मात्र बघायला हवं. लघवी वाढवणाऱ्या गोळीने पोटॅशियम थोडं उतरतं हे खरं, पण २.८ पर्यंत गेलं असेल तर मूळ रक्तदाबच अल्डोस्टेरॉनमुळे आहे का, हे तपासावं. अल्डोस्टेरॉन आणि रेनिनची ती तपासणी आत्ता, या धावपळीत नाही. घरी गेल्यावर, पोटॅशियम नॉर्मल करून, काही औषधं थांबवून. ज्येष्ठमध नियमित घेत असतील तर तेही सांगा, त्याने हुबेहूब असंच चित्र तयार होतं. आणि स्वतःच्या मनाने पोटॅशियमच्या गोळ्या किंवा कमी सोडियमचं मीठ सुरू करू नका. हृदयासाठी आता जी औषधं सुरू होतील त्यांतली निम्मी पोटॅशियम वाढवणारी असतील, आणि मार बसलेलं मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकणार नाही.

तेव्हा उद्या राउंडच्या वेळी डॉक्टरांना एवढं विचारा: ते पहिलं रक्त नाडी आल्यानंतर किती वेळाने घेतलं होतं, त्याच चिठ्ठीवर बायकार्बोनेट किती होतं, आणि त्यानंतरचे आकडे कसे चढले. आणि आज घरी कोणी असेल तर वडिलांची फाइल काढायला सांगा. गेल्या वर्षभरातले सगळे रक्ताचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं, यांचे फोटो काढून रात्रीच आयसीयूतल्या डॉक्टरांना दाखवा.